सिकलसेलच्या जनुकोपचारासाठी मुलाला परदेशी न्यावे का?

प्रश्न विचारणारे : उत्तर नागपूरकर

नमस्कार. माझा मुलगा 14 वर्षांचा असून नववीत शिकतो. तो दीड वर्षाचा असताना त्याच्या हातापायांची बोटे सुजली म्हणून आम्ही त्याला नागपूरच्या मेयो या सरकारी रुग्णालयात नेले, आणि तेथे झालेल्या तपासणीत त्याचा सिकलसेलचा एसएस पॅटर्न, म्हणजे आईवडील दोघांकडून आलेला प्रत्यक्ष आजार, निघाला. त्यानंतर आम्हा नवराबायकोची तपासणी झाली, तेव्हा आम्ही दोघेही एएस, म्हणजे वाहक असल्याचे कळले. लग्न जुळवताना दोन्ही घरांनी शिक्षण पाहिले, नोकरी पाहिली, रक्त मात्र कोणी पाहिले नाही.

गेल्या वर्षभरात मुलाला तीन वेळा दवाखान्यात भरती करावे लागले. एकदा मे महिन्याच्या उन्हात शाळेच्या शिबिराहून आल्यावर, एकदा डिसेंबरच्या थंडीत, आणि एकदा साध्या तापाचे निमित्त होऊन. कंबर आणि मांड्यांमधील वेदना त्याला सहन होत नाहीत. दोन वेळा रक्त चढवावे लागले. मध्यंतरी त्याला हायड्रॉक्सियुरियाच्या कॅप्सूल सुरू केल्या होत्या, परंतु हे कर्करोगाचे औषध आहे असे एका नातेवाइकाने सांगितल्यामुळे आम्ही चार महिन्यांनी त्या बंद केल्या.

माझे मेहुणे न्यू जर्सीला असतात. तिकडे जनुकात बदल करून सिकलसेल कायमचा बरा करतात, असे त्यांनी कळवले आहे. दुसरीकडे, येथील एका मध्यस्थाने फाइल तयार करण्यासाठी 60,000 रुपये मागितले असून, परदेशातील एका दवाखान्यात स्टेम सेलचे इंजेक्शन देऊन 35 लाखांत काम होईल, आठ दिवसांत घरी परत याल, असे सांगितले आहे. कामठी रोडकडे आमचा एक प्लॉट आहे आणि तो विकण्याची आमची तयारी आहे. मुलाला धाकटी बहीण आहे, ती 9 वर्षांची असून तिचा पॅटर्न एएस आहे.

या आजाराला परदेशी जाण्यावाचून खरोखर उपाय नाही का, आणि जायचेच असेल तर सुरुवात कोठून करावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : निवृत्त तंत्रज्ञ, धरमपेठ

प्रयोगशाळेत बत्तीस वर्षे काढलेल्या माणसाला आधी कागद पाहण्याची सवय असते, म्हणून तेथूनच सुरुवात करतो. आपल्या मुलाचा एचपीएलसीचा, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणाऱ्या चाचणीचा, मूळ अहवाल काढा. त्यात तीन आकडे पाहायचे असतात : हिमोग्लोबिन एस (सिकलचे) किती, हिमोग्लोबिन एफ (गर्भावस्थेतील) किती आणि हिमोग्लोबिन ए (सामान्य) दिसते की नाही. दीड वर्षाच्या वयातील अहवालावर आज विसंबून राहता येणार नाही, कारण लहान मुलांमध्ये एफ मुळातच जास्त असते आणि वयानुसार ते उतरत जाते. तपासणी पुन्हा करून घ्यावी, मात्र रक्त चढवल्यानंतर तीन महिने जाऊ द्यावेत, नाहीतर दात्याचे ए त्यात मिसळलेले दिसते आणि अहवाल चुकीच्या दिशेला नेतो.

याला महत्त्व अशासाठी की विदर्भात एसएस म्हणून सांगितलेली काही मुले प्रत्यक्षात सिकल आणि बीटा थॅलेसेमिया अशा जोड-आजाराची असतात. आपण दोघेही एएस असल्याचे पक्के असेल तर तो प्रश्न येथे बहुधा उद्भवणार नाही. तरीही आपणा दोघांचे अहवाल केवळ सोल्युबिलिटीच्या चाचणीवर आधारलेले आहेत की एचपीएलसीचे आहेत, हे एकदा पाहून घ्यावे. सोल्युबिलिटीची चाचणी एस आहे एवढेच सांगते, सोबत दुसरे काय आहे ते सांगत नाही.

आजाराचे मूळ अगदी छोटे आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, एवढाच काय तो फरक. प्राणवायू कमी झाला, शरीरातील पाणी घटले किंवा ताप आला, की असे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब दोऱ्या बनवते, लाल पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकते. निरोगी लाल पेशी सुमारे 120 दिवस जगते, ही पेशी 10 ते 20 दिवसांत संपते. मुलाला नागपूरच्या मे महिन्यात त्रास का होतो, याचे उत्तर यातच आहे.

आपल्याकडील सिकलसेल सौम्य असतो, असे पूर्वी सरसकट म्हटले जाई, कारण आपल्या भागातील अरब-भारतीय जनुकप्रकारात एफ जास्त असते. नागपुरातील वॉर्डांमध्ये ज्यांनी ही मुले पाहिली आहेत, ते असे म्हणणार नाहीत. आजार येथे नवा नाही. मध्य भारतातील सिकलसेलबाबत शुक्ला आणि सोळंकी यांचा अहवाल 1958 सालीच प्रसिद्ध झाला होता. आपल्या शहरात या प्रश्नावर आयुष्यभर काम केलेल्या संपत रामटेके यांना 2018 मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. परदेशाचा विचार जरूर करा, परंतु या आजाराची जाण असलेली माणसे आपल्याच गावात आहेत, हेही ध्यानात असू द्या.

उत्तर : अकरा वर्षे त्याच औषधावर

दादा, मी स्वतः एसएस आहे, वय 34, नोकरी करते, एक मुलगी आहे. हायड्रॉक्सियुरिया हे कर्करोगातही वापरतात ही गोष्ट खरी आहे, पण सिकलसेलमध्ये ते देण्याचे कारण वेगळे आहे : त्याने रक्तातील एफ वाढते आणि एफ वाढले की पेशी वाकण्याचे प्रमाण कमी होते. अमेरिकेने 1998 मध्ये या आजारासाठी त्याला मान्यता दिली, आणि आपल्याकडे ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. त्याचा परिणाम दिसायला काही महिने लागतात, मात्रा वजनानुसार हळूहळू वाढवावी लागते आणि ठरावीक काळाने रक्तपेशी मोजाव्या लागतात. आपण चार महिन्यांनी थांबवले, म्हणजे औषधाला संधीच दिली नाही असे मला वाटते. कृपया डॉक्टरांना विचारून पुन्हा सुरू करा. गर्भधारणेचा विचार असताना मात्र ते बंद ठेवावे लागते. माझेही डॉक्टरांनी थांबवले होते आणि बाळाचे अंगावरचे दूध पिणे थांबल्यावर पुन्हा सुरू केले.

आणखी एक. मुलाला विचारा की शाळेत पाणी पिण्यासाठी आणि लघवीला जाण्यासाठी तो वर्गातून मोकळेपणाने उठू शकतो का. माझ्या शाळेत ती मुभा नव्हती, आणि माझ्या निम्म्या भरत्या त्यामुळे झाल्या असाव्यात. सिकलसेलचा समावेश 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. प्रमाणपत्र काढले तर परीक्षेत जादा वेळ मिळण्यास मदत होते. ते काढायला माझे आईवडील लाजले, आपण लाजू नका.

उत्तर : वेल्लोरला जाऊन आलेली आई

आपल्या प्रश्नातील शेवटून दुसऱ्या परिच्छेदात आपण एका ओळीत लिहून टाकले आहे की मुलाला 9 वर्षांची बहीण आहे. माझ्या दृष्टीने आपल्या संपूर्ण पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य ते आहे.

सख्ख्या भावंडाचे एचएलए, म्हणजे दाता चालेल की नाही हे ठरवणाऱ्या पेशींवरील खुणा, पूर्ण जुळण्याची शक्यता 25 टक्के असते. जुळले तर बहीण अस्थिमज्जा देऊ शकते, आणि ती एएस आहे म्हणून काहीही बिघडत नाही, वाहक भावंड दाता म्हणून चालते. मला हे कोणीही सांगितले नव्हते. मुलगा वाहक आहे, मग त्याचा उपयोग काय, अशा समजुतीत आम्ही तीन वर्षे घालवली. नंतर मुलीच्या डॉक्टरांनी दोघांची एचएलए तपासणी करवली आणि ते तंतोतंत जुळले. आज माझी मुलगी 13 वर्षांची आहे, प्रत्यारोपणाला चार वर्षे झाली आहेत आणि तिच्या अहवालात आता भावासारखाच एएस पॅटर्न येतो. पहिल्यांदा तो कागद हातात आला तेव्हा मी काटपाडीच्या फलाटावर केरळ एक्स्प्रेसची वाट पाहत होते, आणि गाडी दोन तास उशिरा आहे याचे मला त्या दिवशी काहीही वाटले नाही.

हे सोपे होते असे मात्र मी लिहिणार नाही. आम्ही वेल्लोरजवळ भाड्याच्या खोलीत सात महिने राहिलो. केमोथेरपीत तिचे केस गेले, तोंडात फोड आले, एका रात्री ताप उतरेना तेव्हा मी आशा सोडली होती. दात्याच्या पेशी रुग्णाच्या शरीरावर उलटतात त्याला जीव्हीएचडी म्हणतात, आणि तिला तो त्वचेवर थोडा झाला होता. जगभरातील 1000 रुग्णांवर जुळणाऱ्या सख्ख्या भावंडांकडून झालेल्या प्रत्यारोपणांचा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पाच वर्षांनंतर 92.9 टक्के रुग्ण हयात होते आणि वय 16 च्या आत असताना निकाल अधिक चांगले होते. आमच्या डॉक्टरांनी हे आकडे समोर ठेवले आणि म्हणाले, उरलेले सातही खरे आहेत, तेही मनात ठेवून सही करा.

आपला मुलगा 14 वर्षांचा आहे, हे लक्षात घ्या. भारतात प्रत्यारोपण हा प्रयोग राहिलेला नाही. मुंबईच्या टाटा रुग्णालयात 1983 पासून आणि वेल्लोरच्या सीएमसी रुग्णालयात 1986 पासून अस्थिमज्जा प्रत्यारोपण होत आहे. आमचा खर्च आपल्या प्लॉटपेक्षा कमी झाला असावा. मुख्यमंत्री सहायता निधीतूनही काही मदत मिळाली. त्या फाइलसाठी कोणी मध्यस्थ लागला नाही.

एक सूचना आजच पाळावी. मुलाला रक्त लागले तर घरच्यांचे, विशेषतः बहिणीचे किंवा आपले रक्त चढवू देऊ नका. माया म्हणून घरचे लोक पुढे येतात, परंतु त्यामुळे शरीरात प्रतिपिंडे तयार होऊन पुढे त्याच व्यक्तीची मज्जा नाकारली जाण्याचा धोका वाढतो. रक्तपेढीकडून घ्यावे.

उत्तर : मूळचा महालातला, सध्या इंग्लंडमध्ये

मी रक्तविकार विभागात काम करतो. आपल्या मेहुण्यांनी जे ऐकले ते खोटे नाही, पण त्या बातमीत जे आले नाही तेच आपल्या निर्णयासाठी अधिक लागेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गर्भात असताना आपल्या सर्वांच्या रक्तात एफ हे हिमोग्लोबिन असते. जन्मानंतर काही महिन्यांत बीसीएल11ए नावाचे जनुक त्याची निर्मिती दाबून टाकते. कॅसजेव्ही या उपचारात रुग्णाच्याच रक्तातून मूळपेशी काढतात, क्रिस्पर या जनुक कापण्याच्या तंत्राच्या साहाय्याने त्या जनुकाची लाल पेशींमधील कळ निकामी करतात आणि त्या पेशी परत शरीरात सोडतात, म्हणजे एफ पुन्हा बनू लागते. ब्रिटनने 16 नोव्हेंबर 2023 रोजी आणि अमेरिकेने 8 डिसेंबर 2023 रोजी त्याला मान्यता दिली. त्याच दिवशी अमेरिकेने लिफजेनिया या दुसऱ्या उपचारालाही मान्यता दिली, ज्यात विषाणूच्या वाहनातून नवे जनुक पेशीत घातले जाते. लिफजेनियावर रक्ताच्या कर्करोगाचा ठळक इशारा छापलेला आहे. कॅसजेव्हीच्या चाचणीत पुरेसा काळ निरीक्षणाखाली राहिलेल्या 31 रुग्णांपैकी 29 जणांना सलग किमान 12 महिने एकही तीव्र क्रायसिस, म्हणजे वेदनांचा झटका, आला नाही. निकाल अतिशय चांगला आहे, यात वाद नाही.

आता उरलेली बाजू. पेशी परत सोडण्यापूर्वी बुसल्फान हे केमोथेरपीचे औषध देऊन जुनी मज्जा पूर्ण रिकामी करावी लागते. वेल्लोरच्या ताईंनी वर्णन केलेले फोड, ताप आणि गळालेले केस येथेही टळत नाहीत. केवळ दाता लागत नाही आणि जीव्हीएचडी होत नाही, एवढाच फरक आहे. मूल होण्याची क्षमता जाण्याचा धोका असतो, त्यामुळे मुलाचे वीर्य आधी गोठवून ठेवण्याबद्दल 14 वर्षांच्या मुलाशी बोलावे लागते, आणि ते आईवडिलांना फार जड जाते. पेशी गोळा करण्यासाठी काही रुग्णांना दोन-तीन फेऱ्या लागतात, त्या तयार होऊन येण्यास सहा महिन्यांपर्यंतचा काळ जातो आणि नंतर चार ते सहा आठवडे रुग्णालयात काढावे लागतात. एकूण हिशेब वर्षाच्या आसपास जातो. आणि मांडीच्या हाडाचा गोळा आधीच झिजला असेल तर तो यातून परत येत नाही. आपण कंबर आणि मांड्यांमधील वेदना लिहिल्या आहेत, म्हणून नितंबाच्या सांध्याचा एमआरआय झाला आहे का, हे कृपया डॉक्टरांना विचारावे.

किंमत : कॅसजेव्हीची अमेरिकेतील जाहीर किंमत 22 लाख डॉलर आहे, म्हणजे 18 कोटी रुपयांच्या वर, आणि लिफजेनियाची 31 लाख डॉलर. ही केवळ औषधाची किंमत आहे. खाट, केमोथेरपी आणि राहणे वेगळे. तेथील रुग्णांचा खर्च विमा कंपन्या किंवा सरकार उचलते. येथे इंग्लंडमध्ये एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेसाठी जानेवारी 2025 मध्ये त्याची शिफारस झाली, पण ती येथे राहणाऱ्यांसाठी आहे. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या रुग्णाला पूर्ण पैसे भरावे लागतात. सौदी अरेबिया आणि बहरीन यांनीही मान्यता दिली आहे, आणि सौदीच्या पूर्व भागातील रुग्णांचा जनुकप्रकार आपल्यासारखाच अरब-भारतीय आहे, ही बाब वैद्यकीयदृष्ट्या रोचक आहे. किंमत मात्र तेथेही सामान्य कुटुंबाच्या आवाक्यातील नाही.

त्या मध्यस्थाविषयी मला स्पष्ट लिहावे लागेल. जो दवाखाना दाता न शोधता, मज्जा रिकामी न करता, आठ दिवसांत इंजेक्शनने सिकलसेल बरा करतो, त्याच्याकडे उपचारच नाही. मज्जेत जागा केल्याशिवाय नव्या पेशी तेथे वस्तीला येत नाहीत. 60,000 रुपये देऊ नका, आणि दिले असतील तर पुढचे देऊ नका.

परदेशातून आपणास खरोखर मिळू शकेल अशी गोष्ट म्हणजे लेखी दुसरे मत. अनेक मोठी रुग्णालये कागदपत्रे पाहून व्हिडिओवर सल्ला देतात. एचपीएलसी, वर्षभरातील भरत्यांचे सारांश, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा), मेंदूच्या रक्तवाहिन्यांची टीसीडी सोनोग्राफी आणि डोळ्यांच्या पडद्याची तपासणी एवढे कागद तयार असतील तर तो सल्ला उपयोगी पडतो. टीसीडी 16 वर्षांपर्यंत दरवर्षी करायची असते, कारण पक्षाघाताचा धोका त्यातून आधी कळतो. ती अद्याप झाली नसेल तर परदेशाचा विषय बाजूला ठेवून आधी ती करून घ्या.

नवे ते सगळे टिकतेच असे नाही. व्हॉक्सेलोटर या गोळीचा केवढा गाजावाजा झाला होता, आणि सप्टेंबर 2024 मध्ये कंपनीने ती जगभरातून मागे घेतली. दुसरीकडे, दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संशोधन संस्थेने क्रिस्परवर आधारलेला बिरसा 101 नावाचा देशी उपचार नोव्हेंबर 2025 मध्ये जाहीर केला. तो आज आपल्या मुलासाठी उपलब्ध आहे असे समजू नये, पण आपण प्लॉट विकण्याची घाई का करू नये याचे ते एक कारण आहे.

उत्तर : बँकेच्या परकीय चलन विभागातून

वरील सर्व वाचूनही कोणाला जायचे असेल तर पैशांची बाजू थोडक्यात सांगतो. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेत एका व्यक्तीला आर्थिक वर्षात 2,50,000 डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते, अल्पवयीन मुलाच्या वतीने पालक सही करतात. वैद्यकीय उपचारासाठी भारतातील डॉक्टरांचे किंवा परदेशातील रुग्णालयाचे अंदाजपत्रक असल्यास त्याहून अधिक रक्कमही पाठवता येते. पॅन आणि परकीय चलनासाठीचा ए2 अर्ज आवश्यक असतो. ठरावीक मर्यादेच्या वर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच घेतला जाणारा कर, कापला जातो, तो विवरणपत्र भरताना समायोजित होतो. पैसे नेहमी थेट रुग्णालयाच्या खात्यात पाठवावेत. मध्यस्थाच्या वैयक्तिक खात्याचा क्रमांक घेऊन आलेले किमान दोन नातेवाईक मी गेल्या वर्षी परत पाठवले आहेत.

अमेरिकेसाठी बी-2 व्हिसा लागतो आणि महाराष्ट्रातील अर्जदारांसाठी वाणिज्य दूतावास मुंबईत आहे. हा उपचार येथे का होऊ शकत नाही याविषयी येथील डॉक्टरांचे पत्र, तेथील रुग्णालयाचे कालावधी आणि खर्च लिहिलेले पत्र, आणि पैसे कोण भरणार याचा पुरावा, अशी कागदपत्रे मागितली जातात. यातील पहिलेच पत्र आपल्या बाबतीत मिळणे कठीण आहे, कारण भावंडाची तपासणी झाल्याशिवाय कोणताही प्रामाणिक डॉक्टर तसे लिहून देणार नाही.

प्रश्न विचारणारे : उत्तर नागपूरकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. रात्री आम्ही दोघांनी सर्व उत्तरे मोठ्याने वाचली, मुलगाही शेजारी बसला होता. वीर्य गोठवण्याचा भाग आला तेव्हा तो उठून पाणी प्यायला गेला, आणि परत आल्यावर म्हणाला की हे मला आधी का सांगितले नाही.

एमआरआय झालेला नाही आणि टीसीडीचे नावही आम्ही प्रथमच ऐकले. सोमवारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात जात आहोत, हायड्रॉक्सियुरियाचे तेथेच विचारू. मध्यस्थाला दिलेले 10,000 रुपये परत मिळतील असे दिसत नाही. मेहुण्यांना फोन करून सध्या थांबण्यास सांगितले आहे. वेल्लोरच्या ताईंना एक विचारायचे होते : एचएलएसाठी मुलीचे रक्त किती काढतात? तिला सुईची फार भीती वाटते.

उत्तर : वेल्लोरला जाऊन आलेली आई

माझ्या मुलाचे दोन छोट्या नळ्यांइतके घेतले होते. काही ठिकाणी गालाच्या आतून कापसाची काडी फिरवूनही नमुना घेतात, तेव्हा सुई लागत नाही. जाण्यापूर्वी प्रयोगशाळेत फोन करून विचारून घ्या, आणि आपणा दोघांचेही नमुने त्याच दिवशी द्या, म्हणजे बहिणीचे जुळले नाही तर अर्ध्या जुळणीच्या दात्याचा, म्हणजे आई किंवा वडिलांचा, विचार करण्यासाठी पुन्हा खेप पडणार नाही.